चाकाखालचं लडाख

जून जवळ आला की ऑफिसच्या प्रत्येक फ्लोअरवर एका तरी मॉनिटरचा वॉलपेपर बदलतो. निळाशार पँगाँग, मागे तपकिरी डोंगर आणि कडेला स्टँडवर उभी एक बुलेट. ‘थ्री इडियट्स’ २००९ मध्ये आला, त्याला इतकी वर्षं झाली तरी त्या तळ्याची जादू काही ओसरत नाही. मग कँटीनमध्ये कुजबुज, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग बॉसचा मूड बघून टाकलेला पंधरा-सोळा दिवसांच्या रजेचा अर्ज!

ग्रुपवर पहिला महिनाभर काय चर्चा होते? जॅकेट कुठलं घ्यायचं, हेल्मेटवर कॅमेरा कसा चिकटवायचा, डायमॉक्स कधी सुरू करायची, रात्री तंबूत झोपायचं की होमस्टेत. टायरचा विषय निघतो तो निघायच्या आदल्या शनिवारी. कोणीतरी मागच्या टायरवरून अंगठा फिरवतं, “चालून जाईल रे” म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो.

आता जरा बघा. दीड-दोनशे किलोची गाडी, तुम्ही, मागे बसलेला मित्र किंवा मैत्रीण, दोन्ही बाजूंना फुगलेल्या बॅगा... हा सगळा डोलारा जमिनीला टेकतो तो दोन तळहातांएवढ्या रबरावर. लडाखचा प्लॅन या तळहातांपासून सुरू केला, तर नकाशा एकदम वेगळा दिसायला लागतो. कुठे थांबायचं, किती वाजता निघायचं, पाठीवर काय घ्यायचं, सगळंच बदलतं.

आधी दोन हजार किलोमीटर डांबर

पुण्याहून मनाली साधारण दोन हजार किलोमीटर. एक्स्प्रेस वेवर टू-व्हीलरला बंदी, त्यामुळे जुन्या हायवेने किंवा नाशिकवरून गुजरात गाठायचं आणि मग सुरत, वडोदरा, उदयपूर, अजमेर, जयपूर. बहुतेक सगळा एनएच ४८. रुंद, सरळ, तासन् तास एकाच स्पीडला. जूनमध्ये राजस्थानात पारा चाळिशीच्या वर असतो आणि डांबर त्याहूनही तापलेलं. लडाखची चिंता करत निघालेल्या टायरची पहिली परीक्षा होते ती इथे, बर्फापासून हजारभर किलोमीटर लांब!

सरळ रस्त्यावर टायर फक्त मधोमध घासतो. गोलसर टायरचा मधला भाग सपाट होत जातो, कडा मात्र नव्यासारख्या राहतात. हायवेवर काही कळत नाही. पण मंडीच्या पुढे वळणं सुरू झाली, की गाडी वाकवताना त्या सपाट भागाची धार जाणवते, आणि वळणावर गाडी एकदम ‘पडल्यासारखी’ वाटते. म्हणून निम्मा घासलेला टायर घेऊन निघणं म्हणजे घाटात पोचेपर्यंत त्याचा गोटा करणं.

मनालीच्या पुढे अटल टनेल. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२०ला सुरू झाला आणि रोहतांगचा चिखल, ट्रॅफिक जॅम, सगळं वगळून तुम्ही दहा-पंधरा मिनिटांत थेट लाहौलमध्ये उतरता. हिरवंगार कुलू मागे राहतं आणि समोर उघडे डोंगर. जुने रायडर्स म्हणतात, रोहतांगशिवाय लेह म्हणजे चीटिंग. म्हणू देत! ज्यांना रोहतांगची हौस आहे त्यांच्यासाठी जुना रस्ता आहेच.

दारच्यापर्यंत मजेत जातो आपण. खरा लडाखी रस्ता त्यापुढचा. बारालाचा ला ४,८९० मीटरवर, आणि त्याच्या आजूबाजूला रस्ता ओलांडून जाणारे नाले. रात्री बर्फ गोठलेलं असतं, त्यामुळे सकाळी त्यांना घोट्याएवढं पाणी असतं. दुपारी ऊन तापलं की तेच पाणी गुडघ्याला लागतं आणि तळाचे गोटे दिसेनासे होतात. टायर कितीही भारी असो, दुपारी तीन वाजता त्या पाण्यात उतरलात तर तो गोट्यावरून घसरणारच. इथे टायरपेक्षा अलार्म कामाला येतो. जिस्पातून पहाटे निघा, बस्स.

मग सरचूचं मोकळं पठार, मग गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला, ५,०६५ मीटरचा लाचुंग ला आणि पांगकडे उतरणारी ती भन्नाट दरी, जिथे वाऱ्याने कोरलेले सुळके दोन्ही बाजूंना उभे असतात. या पट्ट्यात रस्ता दर वर्षी कुठे ना कुठे उखडतो. वाळू, खडी, बारीक पिठासारखी धूळ. पांगनंतर घाट चढून वर आलात की मोरे प्लेन्स. ४,७०० मीटरच्या आसपास, चाळीसेक किलोमीटर लांब सपाट मैदान. पूर्वी इथे रस्ता असा नव्हताच, ज्याला जिथून वाटेल तिथून तो धुरळा उडवत जायचा. आता बॉर्डर रोड्सने काळंभोर डांबर टाकलंय. तिथून तांगलांग ला, मग सिंधू, मग लेह.

जाऊन-येऊन, नुब्रा-पँगाँग धरून साडेपाच-सहा हजार किलोमीटर होतात. माझ्या हिशेबाने त्यात खरोखरचा खराब रस्ता पाच-सातशे किलोमीटरच्या वर नसतो. उरलेलं सगळं डांबर!

बटन टायरचा मोह

हा हिशेब दुकानात विसरला जातो. काउंटरवर समोर येतो तो मोठमोठ्या ठोकळ्यांचा, खोल खाचांचा, अगदी डर्ट बाइकला शोभेल असा टायर. आपल्याकडे त्याला सरळ ‘बटन टायर’ म्हणतात. दिसायला जाम सही. फोटोत तर बुलेटचा रणगाडा वाटतो. आणि चिखलात, मऊ वाळूत तो खरंच चालतो, कारण ठोकळे जमिनीत रुततात.

पण डांबरावर? तिथे जमिनीला टेकतात ते फक्त ठोकळ्यांचे माथे. म्हणजे ब्रेक मारताना रबर कमी, ओल्या रस्त्यावर भरवसा कमी, कानाला सतत घूंऽऽ आवाज आणि हँडलला थरथर. त्यात राजस्थानचं तापलेलं डांबर हे ठोकळे खोडरबरासारखं खातं. जिथे ते लागणार, तिथे पोचेपर्यंत त्यांची धार गेलेली असते. पाचशे किलोमीटरच्या हौसेसाठी पाच हजार किलोमीटर कमी ग्रिपवर चालवायचं, हा सौदा मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा मधल्या जातीचे, ड्युअल पर्पज टायर बघा. मध्यभागी बऱ्यापैकी सलग रबर, कडेला मोकळ्या खाचा. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप, सगळ्यांकडे या प्रकारातले टायर आहेत. तुमच्या गाडीला कंपनीतूनच असे टायर आले असतील आणि नक्षी भरपूर शिल्लक असेल, तर उगाच खर्च नको. ते पैसे चांगल्या रेन सूटवर घाला. ग्रांफू-बातल-कुंझुम मार्गे स्पितीत शिरणार असाल, तर मात्र थोडे जास्त ठोकळेदार टायर घ्यायला हरकत नाही. तिथे बऱ्याच ठिकाणी रस्ता आणि नदीचं पात्र यांत फरक करणं अवघड जातं.

विकत घेताना टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचा. समजा १२०/९०-१७ ६४एस लिहिलंय. १२० मिलीमीटर रुंदी, उंची रुंदीच्या ९० टक्के, १७ इंची रिम. ६४ हा वजनाचा कोड, म्हणजे २८० किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. हा वजनाचा आकडा कोणी बघत नाही आणि मागे मैत्रीण, तिच्या मागे तंबू, तंबूच्या मागे पाच लिटरचा पेट्रोल कॅन बांधून मोकळे होतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापेक्षा हलका टायर ‘दिसायला मस्त’ म्हणून बसवून घेऊ नका. रुंद टायरचंही तेच. चेनला नाहीतर मडगार्डला घासतो, आणि हे कळतं ते चिखल अडकल्यावर.

आणखी एक चार आकडी नंबर शोधा. २३२५ असेल तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. दुकानदार “एकदम नवीन पीस आहे” म्हणेल. आकडा बघा, मग माना डोलवा.

नवा टायर निघायच्या दोन आठवडे आधी बसवा. सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर तो गुळगुळीत असतो, वरचा थर घासला जाईपर्यंत पकड येत नाही. त्यासाठी ताम्हिणी आहे, वरंधा आहे, माळशेज आहे. रविवारी पहाटे सगळं सामान बांधून एक चक्कर टाका. बॅग कुठे लटकते, कुठे सायलेन्सरला टेकते, तेही कळेल.

मोरे प्लेन्सवरचे सव्वादोन तास

टायर कुठला, या प्रश्नावर लोक तासन् तास भांडतात. पंक्चर झाल्यावर काय, हे विचारत नाहीत. खरं तर तोच मोठा प्रश्न.

मोरे प्लेन्सवर एका दुपारी, चारच्या सुमाराला, आम्हाला रस्त्याच्या कडेला एक गाडी दिसली. एमएच-१५, नाशिक पासिंग. दोन मुलं, दोघंही पंचविशीच्या आतली. मागच्या टायरमध्ये बोटभर खिळा. त्यांच्याकडे जादा ट्यूब होती, टायर लिव्हर होते, पाने होते. पण मागचं चाक दोघांपैकी कोणीच कधी काढलं नव्हतं. चेन कशी उतरवायची इथपासून सुरुवात. तासाभराने चाक निघालं, नवी ट्यूब आत गेली, टायर चढवताना लिव्हरचं टोक ट्यूबला लागलं आणि नव्या ट्यूबलाही भोक पडलं!

आम्ही थांबलो तेव्हा एक जण पॅच घासत होता आणि दुसरा दगडाला टेकून डोकं धरून बसला होता. डोकं पंक्चरमुळे नव्हे, उंचीमुळे दुखत होतं. ४,७०० मीटरवर नुसतं वाकून उठलं तरी धाप लागते. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. वारा असा की सोल्यूशनच्या ट्यूबचं झाकण उडून गेलं. ऊन होतं तोवर ठीक, पण डोंगराची सावली मैदानावर सरकायला लागली तशी थंडी हाडात शिरायला लागली. तिथे रात्री उघड्यावर काढायचा विचारसुद्धा करवत नाही.

पॅच बसला. प्रश्न आला हवेचा. त्यांचा पंप सायकलचा, आमचा पायाने मारायचा आणि आळीपाळीने मारूनही टायर काही उचलेना. शेवटी लेहकडे जाणारा एक ट्रक थांबला. सरदारजींनी काही न विचारता ट्रकच्या एअर टँकला पाइप जोडला आणि दोन मिनिटांत टायर टणक. चहाला थांबा म्हटलं तर हसले, हात केला आणि गेले. सव्वादोन तास. त्या दोघांना त्या रात्री लेह गाठायचं होतं, ते डेब्रिंगच्या तंबूतच झोपले. डोकं धरून बसलेल्या मुलाच्या दृष्टीने तेही काही चांगलं नव्हतं, झोपायला खाली उतरलेलंच बरं असतं. पण अंधारात तांगलांग ला ओलांडण्यापेक्षा ते बरं.

आता ट्यूब की ट्यूबलेस? ट्यूबलेस असेल तर चाक काढायची गरज नाही. खिळा उपटायचा, रबरी दोरी घुसवायची, हवा भरायची, दहा मिनिटांत रस्त्याला. पण अ‍ॅलॉय रिम दगडावर आपटून वाकली, की कडेने हवा सुटते आणि दोरी काही कामाची राहत नाही. म्हणून ट्यूबलेसवाल्यांनीही एक ट्यूब सोबत ठेवायची. वाकलेल्या रिममध्ये ट्यूब टाकून लेहपर्यंत जाता येतं. स्पोकच्या रिम मार सहन करतात, ठोकून सरळही होतात, पण आत बहुतेक वेळा ट्यूब असते. नव्या हिमालयन ४५०ला ट्यूबलेस स्पोक व्हील्सचा पर्याय आहे. बजेट असेल तर उत्तम. ट्यूबवाल्यांनी पुढची आणि मागची, दोन्ही मापांच्या ट्यूब घ्यायच्या. हिमालयन आणि एक्सपल्सचं पुढचं चाक २१ इंची; ते माप वाटेतल्या प्रत्येक पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही.

बाकी सामान म्हणजे तीन टायर लिव्हर, पॅच आणि सोल्यूशनच्या दोन नव्या ट्यूब (उघडलेली सुकते), व्हॉल्व्ह पिना, अ‍ॅक्सलला बसणारा पाना, आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असला तरी एक हातपंप.

आणि निघण्यापूर्वी एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागचं चाक काढून, ट्यूब बाहेर घेऊन, परत बसवून दाखवा. वॉचमन बघत उभा राहील, वरच्या मजल्यावरचे काका खाली येऊन सल्ले देतील. द्यायचे तर देऊ देत. पहिल्या वेळी दीड तास लागतो, तिसऱ्या वेळी चाळीस मिनिटं. मोरे प्लेन्सवर हा फरक म्हणजे लेहमधलं गरम जेवण की डेब्रिंगचा तंबू.

हवेचं गणित

“वर हवा विरळ असते, टायर फुगतो, म्हणून हवा कमी करा.” हा सल्ला प्रत्येक ढाब्यावर मिळतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

समुद्रसपाटीला भोवतालची हवा साधारण १४.७ पीएसआयने दाबत असते. ५,३२८ मीटरच्या तांगलांग लावर हाच दाब साडेसातच्या आसपास. गेज दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. म्हणजे मुंबईत २८ भरलेला टायर वर पस्तीस दाखवायला हवा. पण मुंबईत तो भरला तेव्हा तापमान समजा चाळीस होतं आणि खिंडीत शून्य आहे. थंडीने आतली हवा आकसते. हे गणित करून बघा, गेज तीसच्या जवळपास येतो! उंचीने दिलेलं बरंचसं थंडीने परत घेतलं.

म्हणून खिंडीत फोटो काढता काढता फुस्स करून हवा सोडून देऊ नका. रोज सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने तपासा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. मागे कोणी बसणार असेल तर त्यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. खडीच्या लांब पट्ट्यात तीन-चार पीएसआय कमी केले तर गाडी कमी उडते हे खरं. त्याहून खाली गेलात तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तसं पंक्चर दिसलं तर खिळा शोधत बसू नका.

त्या दिवशी मोरे प्लेन्सवर आमचा पंप का हरला, त्याचं उत्तरही इथेच आहे. बाहेरची हवा जवळपास निम्मी, म्हणजे पंपाच्या प्रत्येक झटक्यात टायरमध्ये जाणारी हवाही जवळपास निम्मी. घरी शंभर झटके लागत असतील, तर तिथे दोनशे. आणि ते मारणाऱ्याला मिळणारा ऑक्सिजनही निम्माच!

गाडी भाड्याची असेल तर

एवढी रजा कुठून आणायची, म्हणून बरेच जण विमानाने जाऊन मनालीत किंवा लेहमध्ये गाडी भाड्याने घेतात. काही हरकत नाही, दोन हजार किलोमीटरचं डांबर वाचतं. फक्त मनालीतली भाड्याची गाडी लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँगला नेऊ देत नाहीत, तिथल्या युनियनचा नियम आहे, लेहमध्ये दुसरी घ्यावी लागते. म्हणजे टायर दोनदा तपासायचे. आरसा फुटलाय की नाही हे सगळे बघतात. तुम्ही खाली बसा. नक्षीच्या खाचेत आडवी उंचवट्याची रेघ असते, रबर तिच्या बरोबरीला आलं असेल तर दुसरी गाडी मागा. बाजूवर चिरा आहेत का बघा, चाक फिरवून रिम डुगडुगते का बघा, एखादा स्पोक सैल आहे का बोटाने वाजवून बघा. जादा ट्यूब आणि पंप मागून घ्या आणि ट्यूबच्या खोक्यावरचं माप टायरवरच्या मापाशी ताडून बघा.

पँगाँगहून मागे फिरणारे आता कमी होत चाललेत. पुढे हानले, तिथली वेधशाळा आणि ते काळंकुट्ट आकाश, आणि त्याहून पुढे १९,०२४ फुटांवरचा उमलिंग ला, ज्याच्या रस्त्याला २०२१ मध्ये गिनेसचा विक्रम मिळाला. तो प्लॅन असेल तर लेह सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी टायरवाल्याकडे न्या. वाटेत वापरलेली ट्यूब परत विकत घ्या, पॅच मारलेली बदलून टाका, व्हॉल्व्हवरची झाकणं जागेवर आहेत का बघा. हानले तिथून अडीचशे किलोमीटर आहे.